डुकरांच्या गोठ्यातली रोमन भिंत

लीड्स, रविवार

लाडक्या आई,

आम्ही सगळे खुशाल आहोत. धाकट्याचा खोकलाही आता कमी आहे.

पेपरात आपल्या मेबलचा फोटो पाहिला. अर्धा रोमन किल्ला समुद्राने गिळला आणि उरलेल्याचे दगड उचलून आजोबांनी डुकरांचा गोठा बांधला. तिथली घाण थोरली म्हणून मी उपसायची आणि मेबल नाक दाबून दारातूनच ओरडायची, "ई, हेटी, लांबूनच बोल गं!" आता लंडनचे विद्वान आले, तर बाई त्याच भिंतीला टेकून मिरवतायत!

मिरवू दे. माझं काही म्हणणं नाही.

पण फोटोत तुझा एक हात मेबलच्या खांद्यावर आहे आणि दुसऱ्या हातात काठी. तुला काठी लागते, हे मला पेपरातून कळावं?

तुझीच, थोरली
हेटी