वरून काहीच घालाचं नाई

२८ एप्रिल, सोमवार

मीच काऊन? एवढ्या बाया होत्या समाजमंदिरात, त्या विवेक सरले मीच दिसली! "ताई, तुम्ही या पुढे."

पुण्याहून आले ते. बारा जॅकेट घेऊन. उन्हात काम करणाऱ्या बायाइसाठी नवीन निघालं म्हणे, अजून बाजारात नाई. आधी आपल्या गावात घालून पाह्यणार. म्हणजे आम्ही उंदरं!

सगळ्याइसमोर मले घालून दाखवलं. राखाडी, बिनबाह्याचं. आतलं कापड बादलीत बुडवाचं, पिळाचं, थेंब पडाले नाई पायजे. मंग ब्लाउजवरच घालाचं. गळ्यापर्यंत चेन. कमरेचा पट्टा घट्ट. मागं कमरेवर दोन पंखे, खिशात बॅटरी. कॉलरमंधी एक बटन मानेले टेकते, ते अंग किती तापलं ते पाह्यते. छातीवर लाइट. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे पाणी प्या, लाल म्हणजे काम सोडून सावलीत बसा. आणि सर चारदा म्हणाले, "याच्या वरून काहीच घालायचं नाही. पंख्यांना हवा मिळाली पाहिजे."

मंग पंखे चालू केले. आणि मी फुगली! पाठ, पोट, सगळं डम्म! मागून उज्वला काकी ओरडली — "काय वं रोशने, कितवा महिना?"

सारं समाजमंदिर हासलं. माय बी हासली.

आतून थंडगार वाटत होतं. ते खरं हाय. पण कोणाले सांगू.

२९ एप्रिल, मंगळवार

आता मलेच गावची शिकवणारी केलं. "तुम्हाला शिवणकाम येतं ना, कपड्याची समज आहे तुम्हाला." घरोघरी जाऊन बायाइले घालाले शिकवाचं. मले नाई म्हणाचं होतं. आवाजच नाई निघाला.

नववीत असंच झालतं. मॅडमनं उभं करून धडा वाचाले लावला. अक्षरं दिसून राह्यली, तोंड उघडून राह्यलं, आवाज नाई! पोट्टे हासले. दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राह्यली. ते पोट आतापर्यंत दुखूनच राह्यलं.

सरले ते काय माहीत. ते आपले मोबाइलमंधी पाहून "सुपर" म्हणते.

३ मे, शनिवार

राग! राग! राग!

आज भैय्याजीच्या वावरात भेंडीचा तोडा होता. भेंडीची लव लागली का हात दिवसभर खाजवते. म्हणून तं सगळ्या बाया घरच्या माणसाचा जुना शर्ट घालते लुगड्यावर, फुल बाह्याचा. आमची माय बाबाचा निळा घालते. बाबा जाम गावाले टायरच्या दुकानात राह्यते, शर्ट इथी राह्यते.

आणि जॅकेट बिनबाह्याचं! ज्यानं बनवलं त्यानं जिंदगीत एक भेंडी तोडली नसन. शर्ट आतून घातला तं ओलं कापड अंगाले लागत नाई, बटन मानेले लागत नाई. वरून घातला तं पंखे बंद. मंग घालाचा कुठी? डोक्यावर?

बाया जॅकेट घालूनच गेल्या, उघड्या हातानं. दुपारी उज्वला काकीनं मले हात दाखवले. लाल लाल, वळच्या वळ. "पाठ फ्रिजमंधी अन् हात चुलीत," म्हणे. "जाय, सांग तुह्या सरले."

माह्या सरले! माह्ये कधीपासून झाले ते?

मेसेज लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला. तीनदा. नाईच पाठवला.

५ मे, सोमवार

शुभमचा मोबाइल विहिरीत पडो.

मी जॅकेट घालून मायसंगं वावरात चालली होती. तो रिकामा पोट्टा किराणाच्या दुकानासमोर गाडीवर बसून. मले समजलंबी नाई कधी व्हिडिओ काढला. मागून गाणं टाकलं, वर लिहिलं, "चंद्रावर चालली आमची रोशनी". गावच्या ग्रुपवर! ग्रामसेवकानंबी हासणारं तोंड टाकलं. आत्याचा फोन आला गिरडवरून, "तुहा व्हिडिओ आला वं." गिरडपर्यंत गेला!

माय म्हणते, "लोकं हासते अन् जेवाले बसते. तू कायले उपाशी झोपतं?"

मले मायचाच राग आला. तिले काय, तिचा थोडीच व्हिडिओ काढला.

६ मे, मंगळवार

वावरात नाई गेली. मशीनवर बसली. एका पोलक्याची बाही उलटी लावली. उसवली.

७ मे, बुधवार

माय पडली.

साडेअकराले, भेंडीच्या तासात, दोन ओळीच्या मधात. उज्वला काकीनं घरी पळत येऊन सांगतलं. मी अनवाणीच धावली. माय वावराच्या धुऱ्यावर निजवलेली, डोळे अर्धे उघडे, अंग तव्यावाणी. घाम नाई, एक थेंब नाई. जॅकेटवर बाबाचा निळा शर्ट. वरून दुपट्ट्याची गाठ, बरोबर पंख्यावर.

मी शर्ट वढला, बटनं तुटली. आत छातीवर लाल लाइट. कधीचा पेटून राह्यला असन! शर्टाच्या आत कोणाले दिसते? त्यानं बिचाऱ्यानं आपलं काम केलं.

भैय्याजीनं गाडी काढली, सेलूले दवाखान्यात नेलं. सलाईनवर सलाईन.

कायले घातला मायनं वरून शर्ट? कायले! चारदा सांगतलं होतं सरनं. मी बी सांगतलं. वरून काहीच घालाचं नाई. एवढीशी गोष्ट!

१० मे, शनिवार

माय घरी आली. खाटेवर पडून राह्यते, उठली का भिंत धरते. कैरीचं पन्हं दिलं, दोन घोट घेतले.

मले काईच बोलली नाई. एक शब्द नाई. बोलली असती तं बरं झालं असतं.

१२ मे, सोमवार

विवेक सर आले. मायची तब्येत विचारली, सफरचंदं आणली, सगळं बरोबर. मंग अंगणात उभं राहून फोनवर कोणाले तरी म्हणाले, "नाही नाही, प्रॉडक्टचा प्रॉब्लेम नाही. चुकीचं घातलं होतं." आम्ही दारातच होतो! आमाले कान नाई काय?

भैय्याजी म्हणे, "अडाणी बाया हाय सर, त्याइले कितीबी शिकवा."

अडाणी! नख लावून सांगते माय, भेंडी कोवळी हाय का निबर. डोळे झाकून सांगते! भैय्याजीनं सांगून दाखवावं.

मंग सरनं मायले विचारलं, "ताई, शर्ट तुम्ही घातला होता ना वरून?"

मायनं माह्याकडं पाह्यलं नाई. सरकडं पाह्यलं. म्हणे, "हो. मीच घातला. मले समजलं नाई."

शुक्रवारी समाजमंदिरात कागद होणार हाय. त्यावर लिहिलं राहीन, का या बाईनं सांगूनबी चुकीचं घातलं, म्हणून पडली. मायनं सही कराची. आणि जॅकेट दुसऱ्या गावाले जाईन. इथले लोकं शिकत नाई म्हणे.

मायले फक्त कांता लिहिता येते. तेवढंच नाव, ते बी आता असल्या कागदावर.

१४ मे, बुधवार

सकाळी बाबाचा निळा शर्ट घेतला. बटनं तुटलेलाच होता. दोन्ही बाह्या कापल्या. खांद्याकडच्या तोंडाले इलॅस्टिक टाकलं, मनगटाकडंबी टाकलं. झालं. बाह्या वेगळ्या, जॅकेट वेगळं. हातात चढवल्या, मंग जॅकेट घातलं, ब्लाउजवर, चेन गळ्यापर्यंत, पट्टा घट्ट, पाठ मोकळी.

घालून वावरात गेली, तोड्यावर. फुगली! किराणावर शुभम होताच. मोबाइल काढला त्यानं. काढ.

साडेअकरापर्यंत तोडली भेंडी, मायच्याच तासात. लाइट हिरवा. एकदा पिवळा झाला, पाणी पेली, पुन्हा हिरवा. हात पाह्यले, एक वळ नाई! उज्वला काकी म्हणे, "मलेबी शिवून दे वं अशा."

दोन बाह्या! पुण्याच्या एवढ्या मोठ्या डोक्याइले दोन बाह्या नाई सुचल्या!

मले सुचल्या. पण मायले सलाईन लागल्यावर. तेवढी अक्कल आठ दिवस आधी कुठी चरून राह्यली होती?

मायनं खाटेवरून बाह्या पाह्यल्या. शिवणीवर हात फिरवला. म्हणे, "बाबाले सांगजो शर्ट उंदरानं खाल्ला." आणि हासली. मले रडू आलं. रागानंच आलं.

१६ मे, शुक्रवार

या वहीतबी मी खोटं लिहिलं.

शर्ट मायनं नाई घातला. सात तारखेले सकाळी शुभम गाडीवर बसला होता. माय तशीच जाऊन राह्यली होती, फुगलेली. मी घरातून शर्ट आणला. माय म्हणे, "अवं, वरून काई नाई म्हणते ना सर." मी म्हटलं, घाल! माह्यी आणखी शोभा नको करू! मीच चढवला. गाठबी मीच मारली, घट्ट.

आज समाजमंदिरात सरनं सहीसाठी मायच्या हातात पेन दिला. मी उठली. सगळं सांगतलं. भेंडीचं, बाह्याचं, गाठीचं. मागच्या बायाइलेबी आयकू गेलं.

मायनं पेन खाली ठेव्हला.