नागपूर ते मुंबई : पावणेतीन तास

५ नोव्हेंबर १९४६, मंगळवार. रिसोड.
धाकट्या जगदेवचे पत्र आले. पाच वर्षांनी लढाईवरून परततो आहे. बोट पंधरा तारखेला सकाळी दहाला मुंबईस लागेल. लिहितो, दादा धक्क्यावर घ्यायला आला तर घरी येईन, नाही तर मुंबईतच नोकरी धरीन. ‘घरातून चालता हो’ असे मीच म्हणालो होतो, पण रागात. हा फार मनाला लावून घेतो.
आई म्हणाली, अकोल्याहून सरळ गाडी हाय, तिनं जाय. आई जुन्या काळातली. मी विमानाने जाणार.

६ नोव्हेंबर.
शाळेच्या नकाशावर दोरा धरून मोजले. नागपूर ते मुंबई सव्वाचारशे मैल. विमानाला पावणेतीन तास. रेल्वेला सोळा-सतरा. दोरा जवळजवळ आमच्या घरावरूनच गेला. आई म्हणाली, मंग उलटा नागपूरले कायले जातं, रंगा? छपरावरूनच चढ ना.
दोरा गुंडाळून ठेवला.

१० नोव्हेंबर.
तिकीट पोस्टाने आले. शुक्रवार, पहाटे सहा. म्हणजे पावणेनऊला मुंबई. बोटीच्या आधी सव्वा तास. बाजारात सर्वांना सांगितले. काहींना दोनदा.

११ नोव्हेंबर.
भटजी म्हणतात, शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ, त्या दिशेला निघू नये. मुंबई पश्चिमेला. उपाय आहे : चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचे. सामानाचे गाठोडे त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवले की प्रवास तेव्हाच सुरू झाला असे धरतात. विमान झाले तरी शास्त्र ते शास्त्र.

१२ नोव्हेंबर.
पश्चिम वेशीला गोपीचंदच्या घरी प्रस्थान ठेवले. धोतर, सुपारी, हळकुंड. प्रवासाचा खरा जीव तिकीट, म्हणून तेही आत बांधले. काम पक्के.

१३ नोव्हेंबर.
पूर्वेच्या वेशीतून निघालो. मोटारीने वाशीम, पुढे अकोल्यावरून रेल्वे. हार दोन. आईने दही दिले.

१४ नोव्हेंबर, सायंकाळ. नागपूर, धर्मशाळा.
कोटाचे खिसे तीनदा पाहिले. तिकीट गोपीचंदकडे. शास्त्राप्रमाणे ते मुंबईला निघाले आहे. मी नाही.

१५ नोव्हेंबर, सकाळी ७. विमानतळ.
तिकिटे तपासणाऱ्या बाबूला प्रस्थान म्हणजे काय ते समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. विमान बरोबर सहाला उडाले.
पुढचे विमान मंगळवारी. घरी जाऊन तिकीट घेऊन यायचे, की पुन्हा पावणेतीनच तास. हिशेब बिघडलेला नाही.

त्याच दिवशी, १०.
बोट लागली असेल. तो गर्दीत मला शोधत असेल. चहा घेतला, तसाच ठेवून दिला. मी तेव्हा तसे बोलायला नको होते.

१६ नोव्हेंबर, शनिवार. अकोला स्टेशन.
वाशीमच्या गाडीसाठी उतरलो. फलाटावर वळकटीवर आई बसलेली, शेजारी आमचा सालगडी लखमा, आणि खाकी कपड्यांत भाकरी खाणारा एक वाळलेला माणूस. जगदेव.
उठून पाया पडला. म्हणाला, माय धक्क्यावर आली, म्हने, दादा अकोल्यावर उभा हाय. म्हनून आलो.
दोघेही रडलो. आईने मलाही भाकरी दिली.
मग नळावर लखमाला गाठले. विचारले, तुम्ही मुंबईला कधी निघालात, तर म्हणाला, तुमच्या दुसऱ्याच दिवशी. पण मी इथे भेटेन हे आईला कसे कळले? लखमा म्हणाला, मायबाई मुंबईचं तिकीट काढतानाच म्हने, रंगा काई विमानात बसत नाई. परत येताना अकोल्यालेच सापडते.