पदरावरचा नारिंगी

२ जानेवारी १९८९
नागपुरात धंतोलीच्या फोटो स्टुडिओत आज कामाला लागले. मालक मधुसूदनभाऊंनी गरम समोसे आणि नवा कॉम्प्युटर एकदमच समोर ठेवले. लग्नाची कॅसेट लावायची, हवं ते चित्र टिपायचं, की फोटो तयार. चित्र दोन फेऱ्यांत उमटतं. आधी एकाआड एक ओळी, क्षणभराने मधल्या. रंग मात्र यंत्र शेजारच्या दोन ओळींना मिळून एकच देतं. म्हणून माणूस हलला, की नंतरच्या क्षणाचा रंग आधीच्या क्षणावर सांडतो. तो पुसायचं काम माझं. मजेचं वाटलं.

५ जानेवारी
बायजाबाई आल्या, धाकट्या उत्पलाला घेऊन. थोरली गौतमी मागच्या पावसाळ्यात सासरी स्टोव्हच्या भडक्यात गेली. लग्नाची कॅसेट तेवढी उरली आहे. “मले तिचा एकच फोटो पाहिजे वं, हासरा.” उत्पला आईचे डोळे पुसत म्हणाली, मशीनसमोर रडू नको, गंजून जाईल. आम्ही तिघी हसलो.

६ जानेवारी
लग्नात गौतमी बुद्धविहारात उभी, शेजारी उत्पला. पांढरी साडी, पांढरा हार. पांढऱ्यावर कुठलाही रंग लगेच चढतो. पदरावर नारिंगी पट्टे आहेत. मधुसूदनभाऊ म्हणाले, लग्न लावणाऱ्या भन्तेजींच्या चीवराचा, भगव्या वस्त्राचा रंग असेल. पण त्या चित्रात भन्तेजी नाहीत.

९ जानेवारी
नुसत्या मधल्या ओळी वेगळ्या काढून पाहिल्या. आधीच्या ओळींत ती हसते आहे. मधल्या ओळींत तोंड उघडं, पदर पेटलेला. नंतरचा क्षण. किती नंतरचा, ते कळलं. मागच्या पावसाळ्यातला.
सगळा नारिंगी पुसून टाकला.

११ जानेवारी
बायजाबाईंनी फोटो गालाला लावला. जाताना सांगितलं, गौतमीचं लेकरू लहान आहे, म्हणून येत्या रविवारी उत्पलाला त्याच घरी देत आहेत.

१२ जानेवारी
त्याच चित्रात बहिणीला खेटून उत्पला. पांढरी ओढणी. आता नारिंगी तिच्यावर. आधी नव्हता. म्हणजे मी पुसला तो—
धावत सांगायला गेले. “मशीन पाहून लगन मोडत असते काय वं?” बायजाबाई रागावल्या.

१३ जानेवारी
पुसला की शेजारच्यावर जातो. उत्पलाच्या पलीकडे कोणीच नाही.
कोणीतरी हवं.

१४ जानेवारी
पांढरी साडी नेसून कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. माझं चित्र उत्पलाच्या शेजारी जोडलं. मग तिच्यावरचा नारिंगी पुसला.
तिची ओढणी स्वच्छ. पोरगी हसते आहे.
घरी आले. चहा ठेवायचा आहे. स्टोव्ह अजून पेटवलेलाच नाही, पण पदराला—