ऐपतीचा रकाना

गुरुजी, तुमच्या घरी चौकशीला मीच का आलो, हे तुम्ही तेव्हा विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला कुणी पाठवलं नव्हतं. तुमच्या वॉर्डाचे कागद दुसऱ्या कारकुनाकडे होते, ते मी त्याच्याकडून मागून घेतले. म्हटलं, आपले गुरुजी आहेत, आपण गेलो तर दोन अक्षरं त्यांच्या बाजूने पडतील. या शहाणपणाचं काय झालं ते तुम्हीच भोगलंत, पण मला एकदा सगळं ओळीने लिहून काढायचंय.

तुम्ही विहिरीच्या पायरीवरून घसरून कंबर मोडून घेतली, तेव्हा नगरपालिकेची बाई फुकट यायची. खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठीच तिला नेमलं होतं. सकाळी घरी येऊन अंग पुसायची, कूस बदलून द्यायची, पट्टी करायची. घरात बाईमाणूस नसलेल्या तुमच्यासारख्याला तिचाच आधार. मग आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, नवे साहेब आले आणि ठराव झाला, की ज्याची ऐपत आहे त्याने या सेवेचे पैसे भरावेत. कुणाची ऐपत किती, हे कारकुनाने घरी जाऊन पाहायचं. फॉर्मवर रकाने होते: घर स्वतःचं का, भांडीकुंडी कशी, कमावता मुलगा पैसे पाठवतो का. मुलगा पाठवत असला की दर पूर्ण. साहेबांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं, दयामाया घरी ठेवून जा. मी मान डोलावली. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

मी येणार हे बाईकडून तुम्हाला कळलं, तिथेच घात झाला. मी आत येतो तर तुम्ही भिंतीला टेकून बसलेले, अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. कंबर मोडलेल्या माणसाला असं बसवायला कुणाला किती खटपट पडली असेल, आणि तुम्हाला किती दुखलं असेल. शेजारची वहिनी पोहे घेऊन येते. तुम्ही तिला सांगता की हा माझा विद्यार्थी, आता नगरपालिकेत साहेब आहे. मी कसला साहेब, पिशवीतून फॉर्म काढायलाच मला पाच मिनिटं लागली. पोहे संपत आले तसं ताटलीच्या काठावर कोरलेलं नाव दिसायला लागलं. वहिनीच्या नवऱ्याचं नाव. पाण्याच्या तांब्यावरही तेच. घरात शोभेल असं एकही भांडं तुमचं नव्हतं. मी ताटली नाव माझ्याकडे करून खाली ठेवली, जणू मीच चोरी लपवत होतो, आणि रकान्यात लिहिलं, भांडीकुंडी चांगली.

मग मुलाचं विचारलं. तुमचा मुलगा हिंगणघाटच्या गिरणीत होता, आणि दिवाळीपासून त्याची मनीऑर्डर आली नव्हती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, “पाठवते ना. दर महिन्याले पाठवते.”

मी लेखणी धरून बसलो.

“लिही ना. काऊन थांबला?”

तोच वर्गातला आवाज. शुद्धलेखन घालताना तुम्ही माझ्यामागे येऊन उभे राहायचात, आणि हात आपोआप चालायचा. तसाच चालला. पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं, की परका कारकून आला असता तर तुम्ही त्याला खरं सांगितलं असतं. त्याच्यासमोर तुम्हाला कशाची लाज? आपण हाताला धरून शिकवलेल्या पोरासमोर गरीब होणं तुम्हाला जमलं नाही. हे मला कळलं, त्याच वेळी कळलं, आणि तरी मी मागे फिरलो नाही.

पूर्ण दर लागला. तुम्ही बाईच्या हाती चिठ्ठी पाठवलीत, तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, की सेवेची गरज उरलेली नाही, आभारी आहे. बाईचं जाणं बंद झालं. मी रोज तुमच्या घरावरून कचेरीत जायचो. आधी खोकला ऐकू यायचा. मग दार दिवसाही लोटलेलं राहू लागलं. वहिनी दोन वेळा भाकरी ठेवून जायची, पण परक्या पुरुषाला हात लावून कुशीवर करायला तिच्या नवऱ्याची ना होती. एका सकाळी खिडकीखालून जाताना मला वास आला. औषधाचा नव्हता तो. दुसऱ्या दिवसापासून मी बाजारावरून वळसा घालून जाऊ लागलो.

त्याच आठवड्यात बाई कचेरीत आली. माझ्या टेबलाशी उभी राहून हळूच म्हणाली, “गुरुजीच्या पाठीले जखमा पडल्या जी. मी पाहून आली. मले जाऊ द्या, मी फुकट जाईन.”

मी तिला सांगितलं, कागद नसताना गेलीस तर नोकरी जाईल.

“मंग कागद करा ना. तुमच्या हातात हाय.”

होतंच माझ्या हातात. फेरचौकशीचा एक अर्ज, बस. पण त्यात पहिला फॉर्म मी खोटा भरला, हे माझ्याच सहीने कबूल करावं लागलं असतं. पाहतो म्हणालो. ती बराच वेळ उभी होती. मी मान खाली घालून दुसरे कागद चाळत राहिलो.

आज हे लिहितोय, तर पत्ता घालायचा प्रश्नच येत नाही. चार लोकांत मी तुमचं नाव निघालं की हात जोडतो, पोरांना तुमच्या शिस्तीच्या गोष्टी सांगतो. एक सांगत नाही, ते तुम्हालाच सांगतो. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कचेरीत डबा उघडून बसलो होतो. आता फेरचौकशी होणार नाही, एवढंच पहिल्यांदा मनात आलं. आणि गुरुजी, कितीतरी दिवसांनी त्या दुपारी मी पोटभर जेवलो.