कोंबडीची भूक

आई, बसस्टँडमागचं ते व्हिडिओ गेमचं दुकान आता राहिलं नाही, पण खामगावात आले की मी अजून त्या बाजूने जाते. सातवीत होते तेव्हा. शाळा सुटली की दुकानाच्या दारात उभी राहून बघायचे. आत सगळे पुरुष, एकही बाई नाही. एके संध्याकाळी तू जिनिंगच्या कारखान्यातून परत येताना मला पाहिलंस. तुझ्या केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. मला वाटलं, आता वेणी धरून ओढत नेशील. "काऊन उभी हायेस वं येथं?" "पाहून राह्यली." "चोरावानी दारातून काय पाहून राह्यली? खेळाचं असंन त आत जाय, नाही त घरी चाल." मी आत गेले. माझा डाव संपेपर्यंत तू डबा काखेत धरून दारात उभी होतीस, आणि आतलं कोणी हसलं की त्याच्याकडे नुसती बघत होतीस. मग कोणी हसलं नाही.

पुण्याच्या कंपनीत गेम तयार करणाऱ्यांत मी एकटीच बाई होते, तेव्हा तुझं ते उभं राहणं फार उपयोगी पडलं. पहिली दोन वर्षं मला बाहुलीला कपडे घालायचे खेळ दिले, कारण 'ते तुम्हालाच जमेल'. मग शेताचा खेळ हातात आला. फोनवर आपलं शेत, गायी, कोंबड्या. त्यातला एक नियम माझा होता. दर चार तासांनी दाणे टाकले नाहीत तर कोंबडी मान टाकून बसते, तिच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या डोळ्यांचा आकारही मीच ठरवला होता. माणसं दिवसातून पाच-पाच वेळा खेळात परत यायला लागली आणि मी डिझाइनची प्रमुख झाले. तोवर आमच्याकडे त्या खुर्चीवर बाई बसली नव्हती. माणसाला बांधून कसं ठेवायचं ते मला कळलं होतं, आणि ती मला हुशारी वाटत होती.

मग लकव्याने तुझी उजवी बाजू गेली. "पुण्याले नाही येत मी. त्या फ्लॅटच्या डब्यात कोंडू नको मले," म्हणालीस. म्हणून मीच काम घेऊन खामगावला आले. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तुझी खाट, आणि आत स्वयंपाकाच्या ओट्यावर माझा लॅपटॉप, कारण नेट तेवढ्या कोपऱ्यातच यायचं. घराबाहेर पडायचं तर तुझ्या खाटेजवळूनच जावं लागे, आणि पाऊल वाजलं की तू विचारायचीस, "कुठं चालली?" कित्येक महिने मी भाजीच्या दुकानापलीकडे गेले नाही. शेजारच्या काकू सगळ्यांना सांगायच्या, "माय खाटीवर पडली, अन् पोरगी दिवसभर मोबाइल खेयते." तुझा वेळ जावा म्हणून एक दिवस मीच तुझ्या फोनवर तो शेताचा खेळ लावून दिला.

डावा हात थरथरायचा, दाणे भलतीकडेच पडायचे. मला येऊन फोन धरावा लागे. सकाळी दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला. "तिची वेळ झाली वं, ये न." मी मीटिंगमध्ये असले तरी हाक थांबायची नाही. तिने खाल्ल्याशिवाय तू घास घेत नव्हतीस. एकदा डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा दारात उभी होती आणि तू खाट सोडेनास. "आई, ती खोटी आहे गं." "खोटी असंन. पर रडते त खरीच ना? मी नसली त काय खाईन ते?" मी साहेबांना फोन करून विचारलं, नियम थोडा सैल करता येईल का? ते हसले. म्हणाले, "अहो, तुमचाच नियम आहे. त्याच्यावर तर सगळं चाललंय." मी फोन ठेवला. तुझी औषधं त्याच पगारावर होती.

एका दुपारी मी माझ्या लॅपटॉपवरून फक्त तुझ्या फोनमधल्या कोंबडीची भूक काढून टाकली. संध्याकाळी सहाला तू बघितलंस, कोंबडी मजेत. दुसऱ्या दिवशी दहालाही मजेत. तीन दिवस तू बघत राहिलीस. मग मला बोलावलंस. "तू केलं काय काही?" "नाही गं. मोठी झाली ती. आता आपलं आपण खाते." "हाव काय." तू पडद्यावरच्या कोंबडीवरून बोट फिरवलंस. "बरं झालं मंग. आता तिले माही गरज नाही." फोन उशीखाली सरकवलास, तो पुन्हा हातात घेतला नाहीस. मलाही हाक मारली नाहीस. माझ्या मीटिंगा शांत व्हायला लागल्या. पाचव्या आठवड्यात, दुपारीच, तू गेलीस. मी तेव्हा ओट्याशी उभी राहून बोलत होते. बोलणं संपवून बाहेर आले तेव्हा कळलं.

तो नियम अजून चालू आहे. मी दोनदा राजीनामा लिहिला, दोन्ही वेळा साहेबांनी नवा खेळ हातात दिला. त्यातही त्यांना तसलंच काहीतरी हवं होतं, आणि मी ते दिलं. दुसरं काही आपल्याला येतं का, हेच आता मला सांगता येत नाही. कॉलेजांत बोलायला बोलावतात तेव्हा मी तुझी गोष्ट सांगते, की आईचे हाल बघवले नाहीत म्हणून मी माझाच नियम मोडला. मुलींचे डोळे भरून येतात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. आई, हाल बघवले नाहीत हे खरं नाही. कोंबडीची भूक काढली त्या दुपारी एका मीटिंगमध्ये तू मला तीनदा हाक मारलीस, आणि मला तुझ्या हाकेचा कंटाळा आला होता.