सम खाटांसाठी प्रार्थना

ती. दादा,

वयाने मोठा आहेस म्हणून नमस्कार. अकलेचं नंतर बघू. तुझे गुडघे बरे असतील आणि तुझं ऐकून ऐकून वहिनी अजून बहिरी झाली नसेल, अशी आशा करते. फोन करत नाही, कारण फोनवर तू भाऊ राहत नाहीस, संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक होतोस. तुझी मुलगी ह्यांना भेटायला आली आहे, आज रात्रीच घरी परतेल, तिच्याच हाती पत्र देते.

ह्यांना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केलं त्या दिवशी, मी प्रार्थना करते आहे, एवढंच तुला म्हटलं होतं. त्यावर तू ऐकवलंस, की बरे झालेले तेवढे तुम्ही देवाच्या खात्यावर टाकता आणि गेलेले त्याची इच्छा म्हणून सोडून देता. असल्या मोजणीला काडीचा आधार नसतो. (माझा नवरा खाटेवर, आणि हा मला मोजणी शिकवतो.) झोंबलं मला. एकतीस वर्षं मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काढली, ओळखीखातर कुणाची साखर एका आकड्याने खाली आणली नाही. म्हटलं, करूनच दाखवते. वॉर्डात बारा खाटा. नाणं उडवलं. सम खाटांसाठी रोज सकाळी प्रार्थना करायची, विषम खाटांसाठी नाही, आणि कोण किती दिवसांत घरी जातं ते वहीत लिहायचं. हे चार नंबरवर होते, म्हणजे सम. देवालाही प्रयोग पसंत दिसतो, असं वाटून मी खूश झाले.

चौथ्या दिवशी चार नंबरवरचं छत गळायला लागलं. मुख्य नर्सने ह्यांना उचलून नऊवर नेलं, आणि छत दुरुस्त होताच चारवर एक निवृत्त बस कंडक्टर आणून निजवले, जे डॉक्टरांनासुद्धा 'पुढे सरका' म्हणतात. वहीत मी 'खाट' लिहिलं होतं, 'माणूस' नव्हे. तेव्हा माझ्या प्रार्थना आता त्या कंडक्टरांना, आणि ते दिवसेंदिवस टवटवीत होत चालले आहेत. नियम बदलता आला असता. पण स्वतःला टोचलं की नियम बदलायचा, हेच तर तू आम्हां देवभोळ्यांबद्दल म्हणतोस.

परवा अकरा नंबरचे गृहस्थ गेले. विषम. योगायोग आहे, मला कळतं. बारा खाटांवरून काही सिद्ध होत नाही, हेही कळतं, तुझं व्याख्यान नको. पण त्यांची बायको माझा हात धरून म्हणाली, रोज प्रार्थना करताना बघत होते हो तुम्हाला. दादा, मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

उद्या सकाळी नऊला ह्यांची शस्त्रक्रिया. सर्जन म्हणाले, शंभरातले चौऱ्याण्णव चालत घरी जातात. उरलेले सहा कोण, असं विचारलं तर ते चष्मा पुसायला लागले. (तुझं शास्त्रही तिथेच चष्मा पुसतं. शंभरांचं घडाघडा सांगतं, एकाचं विचारा, की गप्प.) ह्यांना मी प्रयोगाचं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि इतके दिवस ते हसत होते. आज हसले नाहीत. छताकडे बघत म्हणाले, "म्हणजे नऊ नंबरसाठी कुणीच नाही का गं?"

पाणी आणते म्हणून मी बाहेर आले, आणि बाकावर बसून हे लिहिते आहे. वहिनीला नमस्कार. तुला केलेला वरचा एक पुरे.

तुझी,
धाकटी

ता. क. वहीत 'मी प्रार्थना करीन' असं आहे, 'कुणीही' असं नाही. तेव्हा उद्या नऊ वाजता तू कर, नऊ नंबरसाठी. तुझ्या मते त्याने काहीच होत नाही, मग भीती कसली? गुडघे टेकू नकोस, उठवायला वहिनी लागेल. शब्द सुचले नाहीत तर ह्यांचं नाव घे.

ता. क. २. पाकीट बंद करून पुन्हा फोडलं. आत जाऊन आले. ह्यांचा डोळा लागला होता. कॉन्व्हेंटमध्ये मदरनी पाठ करून घेतलेल्या सगळ्या प्रार्थना ओळीने म्हटल्या, नऊ नंबरसाठी. प्रयोग बाद, वहीत तसं लिहून खाली सही केली आहे. तरी तू उद्याची चुकवू नकोस. माझ्या एकटीच्या शब्दावर ह्यांना आत पाठवायची मला हिंमत होत नाही.