दुसरा पुरवठा

बुधवार, १२ एप्रिल २०००. घाटनांदूर

पोचलो एकदाचा! उदगीरहून परळीकडं जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, आईनं दिलेल्या शेंगापोळ्या पानगावच्या पुढं संपल्या आणि साडेअकराला उतरलो. कंपनीचा वॉचमन त्रिंबक घ्यायला आला होता. माझी ट्रंक सायकलला बांधून तो पुढं, मी मागं. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं घरी बसलो होतो, त्यामुळं आज त्या सायकलीमागून चालतानासुद्धा मला साहेब झाल्यासारखं वाटलं.

कंपनी खासगी आहे, इंटरनेटची. तिच्या लाईनीचा एक टप्पा इथं आहे. धोंडप्पा आप्पांच्या धान्याच्या दुकानामागं एक खोली, चुना दिलेली, एसी लावलेली. आत लोखंडी मांडणीत राउटर. एवढ्याशा डब्याची एवढी सरबराई बघून हसूच आलं. पण चार तालुक्यांची जोडणी त्याच्यातूनच जाते म्हणे. काम सोपं आहे. दिवसभर दर तासाला राउटरच्याच छोट्या पडद्यावर बघायचं आणि रजिस्टरात तीन गोष्टी लिहायच्या: राउटरच्या आतलं तापमान, पहिला वीजपुरवठा, दुसरा वीजपुरवठा. पहिला भिंतीतल्या लाईटवर आहे. दुसरा बसवलेलाच नाही, त्याची खाच मागून पत्र्याची पट्टी लावून बंद केलीय. म्हणून तिथं रोज ‘नाही’ लिहायचं.

आज: २९ अंश. चालू. नाही.

माझ्याआधी सुग्रीव नावाचा ऑपरेटर होता. गेल्या आठवड्यात सोडून गेला. त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे.

शुक्रवार, १४ एप्रिल

जेवण आप्पांकडंच. त्यांच्या सूनबाई, शिवगंगावहिनी, डबा खोलीच्या दाराबाहेर ओट्यावर ठेवतात. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कांदा. आप्पा बोलके आहेत, पण सुग्रीवचं नाव काढलं की त्यांना दुकानातलं काहीतरी काम आठवतं.

त्रिंबक मात्र विचित्र वाटतो. दर संध्याकाळी ओट्यावरून विचारतो, “किती हाय?” मी म्हणतो, एकोणतीस. मग कुठं बिडी पेटवतो. वॉचमनला तापमानाशी काय करायचंय?

रविवार, १६ एप्रिल

आज दुपारी बारालाच लाईट गेली. यूपीएस दोन तास पुरतो. दोन वाजता त्याची शिट्टी बंद झाली, म्हणजे बॅटरी संपली. आता राउटर बंद पडणार, म्हणून औरंगाबादला फोन लावायला उठलो आणि बघतो तर राउटरचा हिरवा दिवा तसाच.

पडद्यावर: तापमान ३७. पहिला पुरवठा, बंद. दुसरा, चालू.

एसी बंद होता. खोलीत भिंतीवरच्या थर्मामीटरवर ४३ होते. त्रेचाळीस अंशाच्या खोलीत यंत्राच्या आत सदतीस कसं असेल? आणि पट्टी ठोकलेल्या रिकाम्या खाचेतून वीज कशी येईल?

त्रिंबकनं कुठूनतरी वायर ओढली असणार. भिंत, छत, मांडणीचा मागचा भाग, सगळं हातानं चाचपून बघितलं. वायर नाही. लाईट सहाला आली. तेवढा वेळ राउटर एकदाही बंद पडला नाही.

सोमवार, १७ एप्रिल

औरंगाबाद ऑफिसच्या पंडितसरांना फोन केला. लाईट गेली तरी राउटर चालू राहिल्याचं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील नाहीतर हसतील. त्यांनी फक्त विचारलं, “तुमची तब्येत बरी आहे ना?” मग म्हणाले, लाईन चालू आहे, अजून काय पाहिजे, पट्टी उघडू नका.

मी पट्टीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

बुधवार, १९ एप्रिल

तीन दिवस रोज सहा-सहा तास लाईट जाते. तेवढा वेळ राउटर दुसऱ्या पुरवठ्यावर. तापमान ३७, एक अंशही इकडं तिकडं नाही.

आज रजिस्टर मागं चाळलं. सुग्रीवच्या मार्चमधल्या पानांवर समासात पेन्सिलीनं बारीक आकडे आहेत. ९८.४. चार दिवसांनी ९७.२. मग ९६. मग ९५. मग नुसती रेघ. मला वाटलं, फॅरेनहाइटमध्ये करून बघितलं असेल. पण ३७ चं उत्तर ९८.६ येतं, ९५ नाही.

९८.६ म्हणजे माणसाच्या अंगाचं तापमान.

संध्याकाळी ओट्यावर डबा घेताना वहिनींना सरळच विचारलं, सुग्रीव कसा होता. त्या इकडंतिकडं बघून हळूच बोलल्या, “लई गुणाचा होता. पर शेवटी शेवटी भर उन्हात, इथं ओट्यावर घोंगडी घेऊन बसायचा. दात वाजायचे त्याचे. मी म्हणलं, भाऊ, दवाखान्यात जा. तर म्हणला, खोलीत गेलं की बरं वाटतंय वहिनी.”

कुठं गेला तो? आप्पा म्हणतात, परळीच्या गाडीनं गेला. त्रिंबक म्हणतो, कंपनीची जीप आली होती. दोघांतला एक खोटं बोलतोय.

शुक्रवार, २१ एप्रिल

मेडिकलमधून थर्मामीटर आणला. तोंडात धरला. ९७.

काही नाही. उन्हाळ्यात जेवण कमी होतं.

रविवार, २३ एप्रिल

९६.

आज मुद्दाम अंबाजोगाईला गेलो. एसटीत सगळे घामानं निथळत होते आणि मी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसलो होतो. रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, कुठंच ऊब वाटेना. दुपारी परत आलो. खोलीचं दार उघडलं आणि बरं वाटलं. आईनं अंगावर गोधडी टाकावी तसं.

पडद्यावरच्या नोंदीत दिसलं, राउटर मी गेल्यावर अर्ध्या तासात बंद पडला होता. मी आत पाऊल टाकलं तसा हिरवा दिवा लागला. भिंतीतली लाईट सकाळपासूनच नव्हती, यूपीएसही संपलेला.

मला जी ऊब वाटते ती माझीच आहे. हे यंत्र ती माझ्याकडून घेतंय आणि त्यातली थोडी मलाच दाखवतंय.

मंगळवार, २५ एप्रिल

९५. पेन धरवत नाही, अक्षर बिघडलंय.

त्रिंबकची गचांडी धरली. म्हणालो, सांग, सुग्रीवचं काय केलंत? तो चिडला नाही. माझा हात सोडवताना दचकला मात्र.

“तुमीबी गार पडलाव की,” म्हणाला. मग बोलला. “म्या उचलून घातलं त्याला जीपमदी. लाकडासारखा. डोळे उघडे, पर पापणी लवत न्हवती. पंडितसाहेब पुढं बसलते. म्हणले, कुठं बोलायचं न्हाई. म्हनून तर रोज इचारतो, किती हाय. एकोणतीस म्हणलं की जीवात जीव येतो.”

आणि मी या माणसावर वायर ओढल्याचा संशय घेतला.

पळा म्हणाला. मी निघालो. स्टेशनच्या अर्ध्या वाटेवर पाय वळेनात. मीच खोलीकडं बोट दाखवलं, त्रिंबकनं सायकलवर घालून परत आणलं. खोलीत सोडून निघून गेला. त्याची शिट्टी आणि काठी ओट्यावर आहे.

बुधवार, २६ एप्रिल

पंडितसरांचा फोन. आवाज गोड. मी थकलो असेन म्हणाले. उद्या सकाळच्या गाडीनं नवीन ऑपरेटर येतेय, शिवकन्या नावाची, लातूरच्या पॉलिटेक्निकची, पहिलीच नोकरी. परवा मला न्यायला जीप येईल.

म्हणजे मी संपलो की ती पोरगी.

लाईटीचं बटण बंद केलं. प्लग ओढला. केबल तोडली. दिवा हिरवा. पट्टीचे स्क्रू काढले. आत काहीच नाही. रिकामी खाच. हात घातला तर आत कोणीतरी नुकताच श्वास सोडल्यासारखी ऊब —

हात काढायला खूप वेळ लागला.

गुरुवार, २७ एप्रिल. सकाळ

थर्मामीटरचा पारा वर चढतच नाही.

कोणी आत येऊ नये म्हणून दाराला आतून कडी घातलीय. चिठ्ठी लिहून दाराच्या फटीतून वहिनींना दिली. “पोरीला स्टेशनवरूनच परत पाठवा. काहीही सांगा.” वाचून त्यांनी विचारलं, “आन् तुमी भाऊ?” मी म्हणालो, आधी तिला. आप्पा ओरडले, घरच्या सुनेनं स्टेशनवर जायचं कावून? तरी त्या गेल्या. चपला घालायलाही थांबल्या नाहीत.

११.३५

गाडीचा भोंगा ऐकला. आली —

पुन्हा भोंगा. गेली.

११.५०

वहिनी आल्या. पोरगी गाडीतून उतरलीच नाही. डब्याच्या दारातच वहिनींनी तिला हात जोडले. रडत रडत पुढं गेली. वाचली.

मी हसलो बहुतेक. तोंड हलत नाही.

१२

वहिनी दार ढकलतायत. म्हणतात, तुमाला असं सोडून मी घरात बसू काय. नको म्हणायचंय — आवाज —

कडी निघाली. त्या आत आल्या. माझा डावा हात धरला. ओढतायत —

बरं वाटतंय. खरंच बरं. बोटं हलतात. कित्येक दिवसांनी घाम आलाय, कपाळावर, खरा घाम — पेन नीट धरता येतंय. उठता येईल. वाचलो मी —

पडद्यावर ३७. दुसरा पुरवठा चालू.

वहिनींनी माझा हात सोडला. पदर अंगाभोवती आवळून घेतला. म्हणतात, इथं लई गार

वहिनी बाहेर — आत्ता — बाहे